वेल नसलेली हंडी

६ जानेवारी, मंगळवार

नोकरीत असताना रोजची नोंद लिहायची सवय होती. कोणत्या लाइनवर बिघाड, कुठला फ्यूज उडाला, कुणाचा पतंग तारेत अडकला. निवृत्त झाल्यावर लिहिणं सुटलं, कारण बिघाड होतच राहिले, पण मला कुणी बोलावेना. लेकीनं, आरोहीनं, नागपूरहून आणून दिलेली ही जाड वही कोरीच पडून होती. आज उघडली, कारण आज मला बोलावणं आलं.

वाचनालयाचे अध्यक्ष उत्तमराव स्वतः घरी आले. आमच्या धाड गावात अध्यक्ष स्वतः घरी आला म्हणजे काम अवघड आहे असं समजावं. वाचनालयाचा दगडी हॉल शंभर वर्षांचा झाला, त्याची दुरुस्ती चालू आहे. माळ्यावरच्या पेटीत कापसात गुंडाळलेल्या काचेच्या सात हंड्या सापडल्या. गावात वीज येण्याआधी त्या हॉलच्या छताला टांगलेल्या असत आणि आत मेणबत्त्या लावत. जुन्या इमारती सावरणारी मधुवंती नावाची आर्किटेक्ट संभाजीनगरहून येते. तिचं म्हणणं, नवे दिवे आणू नका, ह्याच हंड्या साफ करून, आत बल्ब बसवून परत टांगा. पाडव्याला हॉल उघडायचा आहे.

"तिले हळू काम करणारा वायरमन पाह्यजे म्हणे," उत्तमराव म्हणाले. "आमी इचार केला, तुमच्याइतकं हळू गावात कोन करते?"

आत चहा गाळणारी शैलजा खळखळून हसली. बायको हसली की माणसानं मोठेपणा घ्यावा, म्हणून मीही हसलो आणि हो म्हणालो. चहा आणताना मात्र तिनं एक कप स्टुलाच्या काठावर ठेवला आणि तो उत्तमरावांच्या पायावर गेला. अध्यक्ष घरी आले म्हणून गडबडली असावी.

९ जानेवारी, शुक्रवार

हॉलमध्ये सिमेंटची धूळ आहे, म्हणून हंड्या आमच्या मागच्या खोलीत आणल्या. ऑटोवाला इतका सावकाश चालवत होता की मागून बैलगाडी पुढे गेली.

हंडी म्हणजे मोठ्या पोटाचं काचेचं भांडं, खाली निमुळतं, वर पितळी कडं, कड्याला तीन साखळ्या. आत मेणबत्तीची पितळी वाटी. सगळ्यांवर काजळी बसलेली. मधुवंतीनं कापसाच्या ओल्या बोळ्यानं एका ठिकाणी पुसलं तर खालून बारीक सोनेरी वेल दिसली. पानं, कळ्या आणि मध्येच एक चिमणी. वेल फक्त समोरच्या अर्ध्या भागावर आहे. मागची बाजू भिंतीकडे असायची, तिथं कारागिरानं सोनं वाया घालवलेलं नाही. हा माणूस मला आवडला.

"काका, ही वेल काचेत भाजलेली नाही, वरून रंगवलेली आहे," मधुवंती म्हणाली. "घासली की गेली. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा, बस."

मुलगी आरोहीच्या वयाची आहे. बोलते गोड, पण ऐकवून सोडते.

१४ जानेवारी, संक्रांत

लाडूत तीळ करपले. शैलजाच्या हातून असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, "ह्या वर्षी काळे तीळ आणले का?" तर म्हणाली, "तुमाले खायाचे तर खा, नाईतर ठेवा." चार खाल्ले. हळदीकुंकवाला ती कुणाकडे गेली नाही. गुडघा दुखतो म्हणाली.

१९ जानेवारी, सोमवार

आज मधुवंतीशी वाजलं. होल्डर बसवायचा तर पितळी वाटीला एक भोक पाडावं लागतं. ड्रिल लावलं की झालं. मी नोकरीभर भोकंच पाडत आलो, भिंतीला, खांबाला, लाकडाला. तिनं माझ्या हातातून ड्रिल काढून घेतलं.

"आपण जे लावू ते उद्या कुणाला काढता आलं पाहिजे, काका. भोक काढता येत नाही."

मग दोघांनी बसून उपाय काढला. वाटीच्या आत रबरी कडं, त्यात होल्डर दाबून बसवायचा आणि सुती वेष्टनाची वायर साखळीच्या कड्यांतून वर न्यायची. माझाही एक हट्ट तिनं मानला. प्रत्येक पितळी कड्याला अर्थिंग. जुनं ते सोनं खरं, पण जुन्या पितळेला हात लावून नवा माणूस मरायला नको. तिनं "बरोबर आहे" म्हटलं. मला इतकं बरं वाटलं की दुपारी जेवताना शैलजाला ते दोनदा सांगितलं.

"जेवा आता," ती म्हणाली. "का त्या हंडीलेच घास भरवता?"

खरं म्हणजे तिनंच हा उद्योग मनावर घेतला आहे. हंडी कशी दिसते, काजळी निघाली का, दिवा लागेल तर उजेड कसा पडेल, खोदून खोदून विचारते. म्हटलं, ये ना बघायला. म्हणे, "तुमी सांगता तेच गोड लागते."

२३ जानेवारी, शुक्रवार

एक गंमत लिहून ठेवतो. दिवेलागणीला मी ट्यूबचं बटण दाबतो आणि शैलजा दिव्याला हात जोडते. लग्न झाल्यापासूनचा रिवाज. आज बटण दाबलं तर लाइट गेलेली. खोलीत संध्याकाळचा अंधुक उजेड होता, आणि ही बाई बंद ट्यूबला हात जोडून उभी!

"अवो बाई, कोनाले नमस्कार करून राह्यली? लाइट नाई."

तिनं हात खाली घेतले. मग म्हणाली, "बटनाले केला. रोज दिव्यालेच काऊन करावा?"

मी पोट धरून हसलो. उत्तर द्यायला ही कधी कमी पडायची नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

चार हंड्या चकचकीत झाल्या. चकचकीत हा शब्द मधुवंतीला चालत नाही. "स्वच्छ" म्हणायचं. पितळ पितांबरीनं घासायचं नाही, शंभर वर्षांचा रंग तसाच ठेवायचा. शेजारची तानाबाई येऊन म्हणाली, "भाऊ, पितळ काऊन कळकट ठेवलं?" तिला समजावता समजावता माझा घसा बसला.

परवा बाजारात शैलजानं माझा दंड धरला. भर बाजारात, मेथीच्या जुड्या आणि मिरच्यांच्या ढिगांमधून, नवी नवरी धरते तसा. लोक बघत होते. मी हात सोडवून घ्यावा म्हटलं, पण घेतला नाही. ह्या वयात बायकोनं आपणहून हात धरला तर कोण सोडवतो?

पेपर आता मी वाचतो आणि ती ऐकते. पूर्वी उलट होतं. वाचनालयात बायकांच्या टेबलाशी बसून मासिकं फस्त करणारी बाई, पण म्हणते, "तुमच्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात." मी आपला आवाज लावून वाचतो. निवृत्तीनंतर हे सुख लिहिलेलं होतं तर.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज अक्षर वाईट येईल.

सुती वायर आणायला संभाजीनगरला गेलो होतो. परत आलो तर शैलजा दारात उभी, तोंडभर हसू. "आत या, तुमाले काई दाखवाचं हाय." मागच्या खोलीत नेलं. सगळ्यांत मोठी, पाचवी हंडी टेबलावर ठेवलेली होती. लखलखीत. त्या हंडीची काजळी निघेना म्हणून मी आठवडाभर कुरकुरत होतो.

"राखेनं घासली," ती म्हणाली. "कंदिलाची काच माय अशीच घासे. पाहा, कशी निघाली!"

वेल नव्हती. पानं नव्हती, चिमणी नव्हती. काच आरपार कोरी. ताटात राखेचा चिखल, त्यात सोन्याची बारीक चमक, आणि ती चिंधी अजून तिच्या हातात.

राखेनं कंदिलाची काच आमच्या घरोघरी घासली आहे. तिनं बिचारीनं तेच केलं. पण काजळी निघत गेली तशी वेल तिच्या डोळ्यांसमोर उघडी पडत गेली असेल, आणि तरी ती घासतच राहिली? मी सगळ्या गोष्टी तिला सांगितल्या होत्या. वेलीला हात लावू नको एवढं मात्र वेगळं सांगितलं नव्हतं. समोर दिसणारी गोष्ट काय सांगायची?

मी ओरडलो. म्हणालो, "डोळे फुटले होते का तुये? शंभर वर्सांची वेल घासून टाकली अन् तुले दिसली नाई?"

तिनं चिंधी ताटात ठेवली, भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेली. तिनं भाकरी केली, मी जेवलो नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मधुवंतीला फोन करून सांगितलं. ती आलीच. हंडी खिडकीपाशी तिरकी धरून कितीतरी वेळ पाहिली. मी म्हटलं, रागव एकदाची. ती रागावली नाही, म्हणून जास्त लाज वाटली.

उत्तमराव म्हणाले, "बुलढान्यात एक पेंटर हाय, गनपतीचे मुकुट रंगवते. काढीन वेल हुबेहूब."

"हुबेहूब काढली तरी ती त्याची वेल असेल," मधुवंती म्हणाली. "जे गेलं ते गेलं. राहिलंय ते नीट ठेवू. ही मागच्या कोपऱ्यात टांगू."

शैलजा दाराआड उभी राहून ऐकत होती. मधुवंती जाताना तिला म्हणाली, "काकू, काच मात्र एवढी स्वच्छ आम्हाला कधी जमली नसती." शैलजानं मान हलवली. माझ्याशी मात्र कालपासून ती फक्त "जेवता का" एवढंच बोलली.

११ फेब्रुवारी, बुधवार

हे नीट लिहायला हवं.

आज मनात आलं, पुरे झाला अबोला. एका वेलीपायी चाळीस वर्षांचा संसार कोपऱ्यात टांगायचा काय? दुपारी ती ओसरीवर डाळ निवडत बसली होती. तिसरी हंडी, सगळ्यांत सुंदर, वेल अगदी पुरी शाबूत असलेली, दोन्ही हातांनी तिच्यासमोर नेऊन ठेवली.

"माफ कर," म्हटलं. "रागात बोललो. तू कधी नीट पाह्यलीच नाई ना, पाहा बरं ही. वेल कशी काढली ते पाहा."

तिनं हंडी मांडीवर घेतली. काचेवरून हळूच बोटं फिरवली. चेहरा अगदी हळवा झाला.

"काय नाजूक पानं हायेत हो," ती म्हणाली. "अन् ही चिमनी. जशी आता उडीन."

हंडीची कोरी बाजू तिच्याकडे होती. वेल माझ्याकडे होती.

ती आणखी एकदा "ही चिमनी" म्हणाली. ओसरीत भरदुपारचा उजेड होता. सुपातली डाळ पाहिली. त्यात खडे तसेच होते. ती बोटांनी चाचपून निवडत होती आणि नजर समोरच्या लिंबाकडे होती.

कप, करपलेले तीळ, बाजारात धरलेला दंड, बंद ट्यूबला केलेला नमस्कार. सगळं एकदम समोर आलं. मी घरातला वायरमन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात, आणि मला पत्ता नाही.

"शैलजा," म्हटलं, "वेल माया बाजूनं हाय."

तिनं हात काचेवरून काढले. पदरानं डोळे पुसले.

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून," ती म्हणाली. "बाजूचं काईच दिसत नाई. समोरचं दिसते, तेबी धुराआडून पाह्यल्यावानी. मायचंबी असंच झालतं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी रिटायर झाल्यापासून तोंड पाडून बसत होते. हंड्या आल्या तेव्हापासून हसून राह्यले होते. म्हटलं, पाडवा होऊ द्या, मग सांगू."

मी तिच्यापाशी खाली बसलो आणि रडलो. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "हंडी आधी बाजूले ठेवा. पडली-बिडली तर मधुवंती आपल्या दोघाईलेबी कोपऱ्यात टांगीन."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

"डोळे फुटले होते का." हे वाक्य मी म्हणालो होतो. तिनं ते ऐकून घेतलं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथं दिवसभर तपासण्या झाल्या. यंत्रात तोंड घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. मी बाहेर बसून बटणाचा आवाज मोजायचा नाही असं ठरवलं होतं, पण ऐकत होतो. मधे मधे फार वेळ आवाज येईना.

काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. ह्यात नजरेच्या कडा हळूहळू विझत येतात आणि मधला भाग तेवढा उरतो, नळीतून पाहिल्यासारखा. डॉक्टर म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं, एक दिवसही चुकवायचे नाहीत. मधुवंती हंडीबद्दल हेच म्हणाली होती.

आजार घराण्यात येतो म्हणून आरोहीनंही तपासून घ्यायला हवं. फोनवर ती रडली, मग माझ्यावर रागावली, मग आईशी तासभर बोलली. शैलजा तिला म्हणत होती, "अवो, तुये बाबा डोयात थेंब टाकताना सोताचंच तोंड वासतात." खोटं आहे. थोडंसं वासतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

काम परत हाती घेतलं. घ्यायचं नव्हतं. उत्तमरावांना सांगणार होतो, दुसरा माणूस बघा. शैलजानंच ढोसलं. "मले पाडव्याले ते दिवे पाहाचे हायेत. अजून पाहाले येते तोवर."

ती बोळे करून देते. कापूस वातीसारखा वळून काडीला गुंडाळते, माझ्यापेक्षा सुबक. मी साफ केलेल्या मागच्या बाजूवर बोट फिरवून म्हणते, "इथं राह्यली." काजळीचा पापुद्रा तिच्या बोटाला लागतो. वेलीच्या बाजूला मात्र ती स्वतःहून हात लावत नाही.

गावात कुणाला सांगायचं नाही असं तिचं म्हणणं. लोक कीव करतात आणि मग घरी येऊन सल्ले देतात. मधुवंतीला तेवढं सांगितलं. तिनं विचारलं, "काका, काकूंना नेमकं कुठपर्यंत दिसतं?"

१ मार्च, रविवार

तेच मोजलं. शैलजाला खुर्चीवर बसवून समोर पांढरा कागद वरखाली, आजूबाजूला फिरवला. दिसला की "हाव" म्हणायचं. नजरेच्या रेषेत ठेवला की दिसतो. थोडा वर नेला की ती गप्प. छताजवळची हंडी मान वर केल्याशिवाय तिला दिसायचीच नाही. आणि दिवा लागलाय हे कळल्याशिवाय माणूस मान वर कशाला करील?

म्हणून मनात एक बेत आला आहे. कोरी हंडी मागच्या कोपऱ्यात नको. ती बायकांच्या टेबलावर टांगायची, आणि खाली घ्यायची.

१० मार्च, मंगळवार

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. कप्प्या गंजलेल्या, दोर नवे, आणि अध्यक्षांचा स्वभाव जुना. सहा हंड्या एका रेषेत टांगल्या, सातवी खाली सोडली तर उत्तमराव खवळले.

"सहा वरतं अन् एक खालतं? लोकं म्हनतीन, सुधाकरभाऊच्या हातून दोर सुटला. अन् तेबी वेल नसलेली, सगळ्याईच्या नाकासमोर!"

मधुवंती म्हणाली, "हंड्या दोरानं वरखाली करायच्याच असायच्या. वाचायच्या टेबलावर दिवा खाली असणं बरोबरच आहे. आणि ह्या काचेतून उजेड सगळ्यांत जास्त पडतो. चाचणी घेतली आम्ही." तेही खरं होतं. वेल नसल्यानं त्या काचेत उजेडाला काही आड येत नाही.

उत्तमराव मानेनात. हॉलची शोभा, पाहुणे, फोटो. मी खरं कारण सांगू शकत नव्हतो. तेवढ्यात शैलजा डबा घेऊन आली. उंबरठ्यापाशी थांबली, पायानं उंबरा चाचपला, मग आत पाऊल टाकलं. मी पुढे होऊन तिचा हात धरला. ती म्हणाली, "पिठलं हाय, उत्तमभाऊ, तुमीबी बसा."

उत्तमराव बसले. जेवण झाल्यावर हात धुवायला माझ्याबरोबर बाहेर आले आणि नळाकडे बघत म्हणाले, "आनखी वीतभर खालतं घ्या. माह्या मायचंबी असंच झालतं. आमी दिवा तिच्याकडं नेला नाई, तिलेच दिव्याकडं ओढत राह्यलो."

आणि नळ बंद न करताच निघून गेले.

१७ मार्च, मंगळवार

सगळं जोडलं. अर्थिंग तपासलं. दिवसाउजेडी एकेक दिवा लावून पाहिला. पिवळट, मऊ उजेड. वेलीच्या सावल्या समोरच्या भिंतीवर पडतात, चिमण्यांसकट. एका कामगारानं बोट दाखवून दुसऱ्याला चिमणी दाखवली.

शैलजा आली नाही. म्हणाली, "पाडव्यालेच पाहीन. आधी लावून दाखवू नका."

एक गोष्ट मला खात आहे. उद्घाटनाला पाहुणे बटण दाबणार, सगळे टाळ्या वाजवणार, आणि ही टाळ्या ऐकून हात जोडणार. मग माझ्यासाठी म्हणणार, "किती सुंदर!" जसं त्या कोऱ्या काचेवरच्या चिमणीला म्हणाली. मला खोटं नको आहे. ती मला फसवील, आणि मायेनं फसवील, म्हणून जास्त भीती वाटते. तिला खरंच दिसलं की नाही हे मला कधीच कळणार नाही.

मधुवंतीशी बोललो. खालच्या हंडीचं बटण आम्ही वेगळं काढलं, बाहेरच्या व्हरांड्यात.

१९ मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली. गाठी बांधताना शैलजाची बोटं माझ्यापेक्षा झपाझप चालली. कडुलिंब खाताना तिनं नेहमीसारखं तोंड वाकडं केलं. निळं लुगडं नेसली. आरोही नागपूरहून आली आहे. तपासणीत तिचे डोळे ठीक निघाले, ही आमची खरी गुढी.

संध्याकाळी कार्यक्रम. हॉल भरलेला, बाहेरही माणसं. बायकांच्या टेबलाशी मी शैलजाला बसवलं, हंडीच्या अगदी समोर, मोजून ठेवलेल्या खुर्चीत. शेजारी तानाबाई, तिच्यापलीकडे आरोही. ठरल्याप्रमाणे भाषणं आधी, दिवे नंतर. खिडक्यांतून संधिप्रकाश येत होता, चेहरे अजून ओळखू येत होते. बटणाचा मान पाहुण्यांचा, म्हणून मी मोकळा होतो. समोरच्या खांबापाशी उभा राहिलो. तिथून मला तिचा चेहरा दिसत होता.

पाहुणे बोलायला उभे राहिले आणि बसायचं नाव घेईनात. ज्ञान, प्रकाश, अंधःकार, सगळं झालं. माणसं जांभया देत होती. तानाबाईचा नातू खुर्चीखालून चप्पल शोधत होता. शैलजा हात मांडीवर ठेवून ऐकत होती, चेहरा सरळ समोर.

मी दाराकडे पाहून मान हलवली. बाहेर व्हरांड्यात मधुवंतीनं बटण दाबलं. एवढ्या लाउडस्पीकरात त्याचा आवाज कुणाला येणार? कोरी हंडी लागली. भाषण चालूच राहिलं. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी तिकडे वळून पाहिलं नाही. एका हंडीत एक छोटा बल्ब लागला, त्यात काय पाहायचं?

शैलजा तशीच बसली होती. हात मांडीवरच.

मी मनात म्हणत होतो, आणखी खाली घ्यायला हवी होती. खुर्ची अर्धा हात सरकली असेल. किंवा मधल्या महिन्यात आणखी विझलं असेल, थेंब पुरे पडले नसतील, आम्हाला फार उशीर झाला असेल. पाहुणे म्हणाले, "शेवटी एवढंच सांगतो," आणि पुन्हा सुरू झाले.

तिची हनुवटी जराशी वर झाली. डोळे एका जागी थांबले. पापण्या दोनदा मिटल्या, उघडल्या. मग मांडीवरचे दोन्ही हात हळूहळू वर आले आणि छातीपाशी जुळले. तिनं मान लववली, रोज दिवेलागणीला लववते तशीच.

माझे डोळे भरून आले, म्हणून पुढचं मला नीट दिसलं नाही. ऐकू मात्र आलं. तानाबाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि लाउडस्पीकरच्या वर आवाज चढवून विचारलं, "काऊन वो, भाषनात हात काऊन जोडून राह्यली?"

"दिवा लागला ना बाई," शैलजा म्हणाली. "तुले नाई दिसला?"